आईचे अकरा मोदक

यंदा आईने फक्त ११ मोदक केले. माझ्या लहानपणी गणपतीला १०१ व्हायचे, मोजून, आणि ते सगळे ती एकटी करायची, पहाटे चारला उठून, आणि सुट्टी नसली तर वर ड्युटीलाही जायची (टेलिफोन ऑपरेटर होती, शिफ्टची नोकरी). मग कधीतरी ५१ झाले, मग २१, आणि यंदा तर तिने सरळ कामंच वाटून टाकली. उकड मनूने काढायची आणि मळायची, खोबरं मी खवायचं, सारणही मी करायचं पण गूळ किती ते ती सांगणार, आणि ती स्वतः खिडकीजवळच्या खुर्चीत मांडीवर ताट घेऊन बसणार आणि फक्त पारी करून कळ्या पाडणार. त्याच्या आधी पाच मिनिटं बोटं कोमट पाण्यात बुडवून बसली होती, सकाळी वळत नाहीत म्हणून. मी बाजूला बसून बघत होते. बोटाला तेल, चिमटी, पारी जराशी फिरवायची, परत चिमटी. इतकं सावकाश चाललेलं की मला वाटलं आज आरती दोनच्या आधी काही होत नाही. मग एक मोदक उचलून मी कळ्या मोजल्या तर १९. पूर्वी ११-१२ असायच्या.

"आई, अगं १९?"

"१०१ करायचे तेव्हा कळ्यांकडे बघायला वेळ कोणाला होता," म्हणाली आणि पुढची पारी घेतली.

ती ७७ ची आहे, आता होत नाही तिच्याने, असं मी धरून चालले होते आणि ते खरंच आहे, होत नाहीच. पण मग या १९ कळ्या कुठल्या खात्यात टाकायच्या?

मी आयुर्विम्याच्या ऑफिसात पंचवीस वर्षं काढलीयत. आमच्याकडे माणूस म्हणजे त्याचं वय. फॉर्म आला की आधी जन्मतारीख, वाढदिवस जवळचा कुठला ते बघायचं, तक्त्यात बोट ठेवायचं. तो तक्ता एकाच दिशेने चालतो, वय वर गेलं की हप्ता वर गेला. इतकी वर्षं तेच बघून डोक्यात चित्र पक्कं झालेलं की माणूस तिशीपर्यंत चढतो आणि मग उतरतो, आपल्या रेल्वेच्या पुलासारखं, या बाजूने चढा त्या बाजूने उतरा. हल्ली ते पटेनासं झालंय. बीएला सायकॉलॉजी होतं माझं, त्यामुळे या विषयावरचं काही दिसलं की वाचते, पण खरं सांगायचं तर वाचनापेक्षा घरातल्या चार वयांनीच माझं मत बदललं. बंड्या १३ महिन्यांचा (माझ्या भाचीचा मुलगा, ती पवईला नोकरीला जाते, दिवसभर तो आमच्याकडे, आई आणि कामाच्या मावशी मिळून बघतात), मनू म्हणजे माझी लेक १६, मी ४८ आणि आई ७७. विक्रोळीला कन्नमवारनगरात दोन खोल्यांचं घर, तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलेली, दिवाळीनंतर सगळ्यांनी खाली करायची. त्यावर नंतर येते.

बंड्या दहा-बारा दिवसांचा असताना मालिशवाल्या मावशींनी त्याला काखेत धरून उभा केला, तळवे पलंगाला टेकवले, तर हा पठ्ठ्या पावलं टाकायला लागला. एक, दुसरं, तिसरं. घरात नुसता जल्लोष, भाचीने व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली 'आत्ताच निघाला ऑफिसला!' मग दोन महिन्यांचा झाला आणि ते बंदच. धरून उभा केला तरी पाय नुसते लोंबत. भाची घाबरली, रात्री अकराला फोन. आता, पुस्तकांमध्ये याचं उत्तर बरीच वर्षं ठरलेलं होतं की मेंदू पिकत जातो तसा तो ही जन्मजात सवय दाबून टाकतो. एस्थर थेलन नावाच्या अमेरिकन बाईंना हे काही पटेना. १९८० च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सोबतच्यांनी एक भलतीच साधी गोष्ट केली, पावलं टाकायचं सोडलेल्या बाळांना पाय पाण्यात बुडतील असं धरलं. पाण्यात पाय हलके झाले आणि बाळं परत पावलं टाकायला लागली. मग उलटंही करून बघितलं, पावलं टाकणाऱ्या बाळांच्या पायांना बारीक वजनं बांधली तर त्यांची पावलं कमी झाली. म्हणजे मेंदू काही विसरला नव्हता. पहिल्या दोन महिन्यांत मांड्यांवर चरबी भराभर चढते, ताकद त्या वेगाने येत नाही, पाय जड होतात आणि उचलत नाहीत, संपलं. म्हणजे पोराने बाळसं धरलं म्हणून त्याचं चालणं गेलं! आणि आपण त्याच महिन्यात मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढत असतो, किती छान बाळसं धरलंय म्हणून.

हे वाचल्यापासून मला ही जोडी जिथे तिथे दिसायला लागली. काहीतरी येतं आणि त्याच दाराने काहीतरी बाहेर जातं.

माझ्या भावाचा मुलगा न्यू जर्सीला वाढला. तो मला 'आट्या' म्हणतो. मनू लहान असताना त्याची चेष्टा करायची, त त तबला म्हण, तर तो मनापासून म्हणायचा ट ट टबला आणि वर विचारायचा, बरोबर ना? त्याला फरक ऐकूच येत नव्हता. आता यातली गंमत अशी की तो सहा महिन्यांचा होता तेव्हा बहुतेक त्याला तो ऐकू येत असणार. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये नेमकं हेच, म्हणजे हिंदीतल्या त आणि ट चा फरक, इंग्रजी घरातल्या बाळांना ऐकवून बघितलं. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना तो फरक व्यवस्थित कळत होता, वर्षाची होईपर्यंत बहुतेकांचा गेला. त्यांचं काही बिघडलं नव्हतं, उलट आपल्या घरच्या भाषेत कान तयार होत होता आणि तयार होता होता बाकीच्या भाषांचे दरवाजे लागत होते. मेंदूतही तसंच चालतं. लहानपणी जोडण्या भरमसाट बनतात, गरजेपेक्षा खूपच जास्त, आणि मग ज्या वापरात नाहीत त्या छाटल्या जातात. जास्वंदीची छाटणी करतात तसं. आमच्या गॅलरीतल्या जास्वंदीला मी कात्री लावली की आई दोन दिवस माझ्याशी धड बोलत नाही, ती वेगळी गोष्ट.

बंड्याची पाचवी आम्ही केली होती. म्हणजे आईने केली, भाचीने 'आजी प्लीज' वगैरे करून बघितलं पण आईने पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलंच, रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते म्हणून. लहानपणी मला या प्रकाराची फार भीती वाटायची. एकदा लिहिलं की झालं? खोडरबर नाही?

माझ्या भावाच्या कपाळावर सटवाईने काय लिहिलं ते माहीत नाही पण शाळेतल्या एका बाईंनी सातवीत लिहून टाकलं होतं, प्रगतिपुस्तकात शेऱ्याच्या रकान्यात, लाल पेनाने, 'अभ्यासात गती नाही'. आई ते पुस्तक घेऊन सही करायला बसली आणि सही न करताच बराच वेळ बसून राहिली, हे मला अजून दिसतं. तो बोललाही उशिरा होता, चाललाही उशिरा, आणि बाळाचे पाय पाळण्यात दिसतात हे ऐकवायला नातेवाईक कमी नव्हते. दहावीला गणितात गेला. पण तळमजल्यावर एक फिटर काका राहायचे, ते दर शनिवारी त्याला बिघडलेले मिक्सर उघडायला द्यायचे, जोडता नाही आला तरी ओरडायचे नाहीत, म्हणायचे पुढच्या शनिवारी बघू. मग आयटीआय, मग नोकरी करून रात्रीचा डिप्लोमा, मग आखात, आणि आता अमेरिकेत लिफ्टच्या कंपनीत आहे. आम्ही अजून तीन जिने चढतोय.

एका भावावरून सिद्धांत काढू नये, मान्य. पण हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही मुलं चाळिशीला येईपर्यंत पाठपुरावा केला. त्यात काही मुलं जन्मापासूनच वाईट परिस्थितीत होती, गरिबी, बाळंतपणातले त्रास, घरात दारू किंवा मानसिक आजार. अशांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं चांगली, कर्तबगार, मायाळू माणसं झाली. त्यांच्यात जे सारखं सापडलं त्यात एक होतं की कोणीतरी एक मोठं माणूस धरून होतं, आईबाप नसले तर आजी, मावशी, शेजारी, शिक्षक. आणि मला त्याहून आवडलेला भाग म्हणजे अठराव्या वर्षी जी वाया गेलेली वाटत होती त्यातलीही बरीच पुढे तिशी-चाळिशीत सावरली, कोणी परत शिकायला गेलं, कोणाला चांगला जोडीदार मिळाला. म्हणजे सटवाई एकदाच येत नसावी. नाहीतर मग पेन्सिलने लिहीत असावी.

मूल कधी चालावं यावरही सोसायटीत प्रत्येकीकडे एक मत आहे. 'आमचा दहाव्यातच पळायचा हो.' जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत निरोगी मुलं बघितली, त्यात भारतही होता, तर एकट्याने चालायला लागण्याचं वय साधारण ८ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेलं निघालं. चार टक्के मुलं तर हातापायांवर रांगलीच नाहीत, थेट पुढच्या यत्तेत. हे मी भाचीला पाठवलं, तिने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, त्यावर एका काकूंनी गुड मॉर्निंगचं फूल टाकलं.

मनूबद्दल फार लिहिलं तर ती मला ब्लॉक करेल त्यामुळे थोडक्यात. रात्री एकला टक्क जागी, सकाळी सातला उठवलं तर जगाचा अंत. मी याला वर्षभर मोबाईल मोबाईल म्हणून शिव्या दिल्या, आणि मोबाईल आहेच, पण वयात येताना शरीराचं घड्याळही मागे पडतं, झोपेचं मेलाटोनिन रात्री उशिरा सुटायला लागतं, हे खरं आहे. आणि कॉलेज सातचं. यात पोरांची चूक किती आणि वेळापत्रक लावणाऱ्यांची किती, बघा बुवा.

आपल्या भाषेत या वयाला एक जबरदस्त शब्द आहे, गद्धेपंचविशी. सोळा ते पंचवीस. ज्याने कोणी हा शब्द काढला त्याच्याकडे एमआरआय नव्हतं, पण अमेरिकेत १९९० च्या दशकापासून जेव्हा पोरांचे मेंदू वर्षानुवर्षं स्कॅन करून बघितले तेव्हा कपाळामागचा भाग, म्हणजे थांब, विचार कर, मग कर असं सांगणारा, सगळ्यात शेवटी तयार होतो आणि ते काम विशीतही चालू असतं असंच दिसलं. घटनाकारांनाही अंदाज असावा, लोकसभेला उभं राहायचं तर किमान २५ पूर्ण पाहिजेत, राज्यसभेला ३० आणि राष्ट्रपती व्हायला ३५. मधल्या काळात पंचवीस ही काय दगडावरची रेघ नाही हेही आलं, केंब्रिजच्या लोकांनी २०२५ मध्ये हजारो मेंदूंच्या जोडण्या बघून म्हटलं की पौगंडासारखी अवस्था सरासरी ३२ पर्यंत चालते. म्हणजे आता गद्धेबत्तिशी. दात दाखवून हसावं असाच आकडा आहे.

पण यात मला पटलेली गोष्ट दुसरीच. २००५ मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी पोरांना आणि मोठ्यांना गाडी चालवायचा एक व्हिडिओ गेम खेळायला दिला, पिवळा सिग्नल आला की थांबायचं की दामटायची. एकटं असताना पोरं आणि मोठे यांच्यात फार फरक नाही. दोस्त मागे उभे राहून बघायला लागले की पोरं जास्तच धोका घेतात, चोविशीपुढच्यांना मात्र कोण बघतंय याने काही फरक पडत नाही. मी हे रोज बघते हो! लोकलने घाटकोपर सोडलं की दारात लटकून खांबांना हात लावायला जाणारी पोरं, मधे शिटी, मधे आरोळी, ती कायम चार-पाचच्या घोळक्यात असतात. त्याच पोरांमधलं एखादं एकटं असलं की खिडकीशी इअरफोन लावून शहाण्यासारखं बसलेलं असतं. म्हणजे त्याला धोका कळत नाही असं नाही. त्या वयात दोस्तांच्या डोळ्यांतली किंमत जिवापेक्षा मोठी दिसते, आणि का दिसू नये, घर सोडून आपली टोळी शोधायची आणि पुढचं आयुष्य त्या टोळीत काढायचं, हेच तर माणसाच्या पोराचं त्या वयातलं काम होतं हजारो वर्षं. फक्त तेव्हा मधे ओव्हरहेड वायर आणि रुळाकडेचे खांब नव्हते. दहीहंडीचं वय किती यावर कोर्टाने २०१४ मध्ये १८ सांगितलं आणि २०१७ मध्ये ते १४ वर आलं, मला स्वतःला १८ च बरं वाटत होतं, पण मी आई आहे, माझं मत कोण विचारतंय.

आता माझं. मागच्या महिन्यात आईच्या गोळ्यांच्या स्ट्रिपवरची तारीख वाचायला मी स्ट्रिप लांब धरली, आणखी लांब धरली, हात संपला. मनू म्हणाली, "मम्मा, खिडकीबाहेर काढ हात, समोरच्या बिल्डिंगमधून वाचून सांगतील." दुसऱ्या दिवशी चाळिशी लागली. चाळिशी! चष्म्याला वयाचंच नाव, विषय संपला. पण डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते ऐकून मी जरा चक्रावले. डोळ्यातलं भिंग कडक होत जातं आणि जवळचं बघायला फुगत नाही, हे माहीत होतं, पण हे चाळिशीला सुरूच होत नाही म्हणे. दहा वर्षांच्या पोराची जवळ बघायची ताकद आणि वीस वर्षांच्या पोराची, यातही फरक असतो, कमी होणं लहानपणापासूनच चालू असतं. चाळिशीत फक्त ते वर्तमानपत्राच्या अंतरापर्यंत येऊन पोचतं. म्हणजे मी चौथीत शिष्यवृत्तीचा अभ्यास करत होते, उंची वाढत होती, सगळे म्हणत होते किती वाढली गं, तेव्हा हे कमी होत होतं.

आणि पाळी. एक महिना येते, दोन महिने येत नाही, ऑफिसात एसी १८ वर आणि मी फाईलने वारा घेतेय, बाजूचा पोरगा जॅकेट घालून बसलाय. यावर आपल्याकडे बोलत नाहीत म्हणून मी मुद्दाम लिहितेय. मला कायम प्रश्न पडायचा की हे बंद का होतं? बहुतेक प्राण्यांच्या माद्या जगतात तोवर वितात, वीत नाहीत तेव्हा फार जगतही नाहीत. ओर्कासारखे काही देवमासे सोडले तर पाळी जाऊन पुढे तीस-चाळीस वर्षं ठणठणीत जगणारी अशी आपलीच जात. यावर बरीच मतं आहेत, सगळ्यांचं एकमत नाही, पण मला पटतं ते क्रिस्टन हॉक्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंचं. टांझानियात हाड्झा म्हणून शिकार आणि कंदमुळांवर जगणारे लोक आहेत, त्यांच्यात त्या राहिल्या. तिथे बघितलं तर म्हाताऱ्या बायका रानात कडक जमीन खणून कंद काढण्यात तरुण बायकांना हार जात नव्हत्या. लेकीच्या मांडीवर नवं बाळ आलं की आधीच्या पोराच्या पोटात काय पडतं हे आजीच्या खणण्यावर ठरत होतं. म्हणजे स्वतःचं आणखी एक मूल होण्यापेक्षा लेकीचं पोर जगवणारी बाई, तिचा वंश जास्त टिकला, आणि म्हणून आपल्याला ही पुढची वर्षं मिळाली.

कारण माणसाचं पोर फार महाग आहे. पाच वर्षांच्या आसपास मुलाचा मेंदू किती खातो तर स्वस्थ बसलेल्या शरीराला जेवढी ऊर्जा लागते त्याच्या जवळजवळ दोन तृतीयांश, आणि नेमकं तेव्हाच शरीराचं वाढणं सगळ्यात मंद असतं. घरात एकच मोठी मोटर चालू आहे म्हणून बाकीचे पंखे हळू फिरतायत तसं. मनू पाच वर्षांची असताना मी आठ बाराची लोकल पकडायला पळायचे आणि आई तिच्यामागे वाटी घेऊन फिरायची, 'चिऊचा घास, काऊचा घास', आणि मी संध्याकाळी येऊन म्हणायचे अंगाला काहीच कसं लागत नाही हिच्या. लागत होतं. डोक्याला लागत होतं. आईने तेव्हा जे केलं त्याला मी मदत म्हणायचे. आईशिवाय माझी नोकरी पहिल्या वर्षीच सुटली असती, आणि मग मनूच्या त्या दुधाच्या, त्या क्लासच्या फीचं काय झालं असतं, हा हिशेब आमच्या कुठल्याही तक्त्यात नाही.

साठी बुद्धी नाठी, हे मात्र भाषेचं चुकलं असं माझं स्पष्ट मत आहे. निदान साठीला तरी. वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये सिएटलला एक अभ्यास सुरू केला, दर सात वर्षांनी त्याच माणसांना परत तपासायचं, शिवाय दर खेपेला नवी माणसं घ्यायची. त्याच्या आधी काय व्हायचं, आज विशीतला एक आणि सत्तरीतला एक घ्यायचे, पेपर द्यायचे, सत्तरीतल्याला कमी मार्क, म्हणजे बुद्धी उतरली. पण सत्तरीतल्याला शाळा किती मिळाली होती? आई जुन्या अकरावीपर्यंत शिकली, मनू कोडिंगच्या क्लासला जाते, या दोघींना शेजारी बसवून पेपर दिला तर तो वयाचा नाही, काळाचा पेपर होईल. तीच तीच माणसं वर्षानुवर्षं बघितल्यावर चित्र बदललं, बऱ्याचशा क्षमता साठीपर्यंत छान टिकतात, शब्दभांडार तर त्याच्याही पुढे, आणि झटपट करण्याचा वेग मात्र तरुणपणापासूनच कमी होत जातो. आमच्या घरी रविवारचं शब्दकोडं आई सोडवते. मनू नुसती शेजारी बसते. 'उभा शब्द, दोन अक्षरी, धान्य पाखडायचं' वगैरे आलं की मनू गूगल उघडते तोवर आईने भरून पुढे गेलेली असते. पण तीच आई दूधवाल्याचा हिशेब तीनदा करते, आणि या वर्षात गॅस दोनदा चालू राहिला, हेही मला इथे लिहिलंच पाहिजे. त्यातलं दुसऱ्यांदा मी तिच्यावर ओरडले. ती काही बोलली नाही, दुसऱ्या दिवशी शेगडीजवळ फळ्यावर खडूने 'गॅस?' लिहून ठेवलं. मनूचं अक्षर नव्हतं ते.

पॉल बाल्टेस नावाचा जर्मन मानसशास्त्रज्ञ होता, तो हेच सांगायचा की मिळवणं आणि गमावणं प्रत्येक वयात दोन्ही चालू असतं, फक्त प्रमाण बदलतं. तो पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइनचं उदाहरण द्यायचा. ऐंशीच्या घरातला माणूस मैफली कशा करतो? तर एक, कमी रचना वाजवायच्या. दोन, त्याच जास्त घासायच्या. आणि तीन, यात खरी हुशारी, जलद जागा यायच्या आधीची जागा मुद्दाम आणखी संथ वाजवायची, म्हणजे पुढची आपोआप जलद वाटते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला गणपतीचं ताट आठवलं नव्हतं कारण तेव्हा ते २१ चं होतं आणि मी कळ्या मोजत नव्हते. जिन्याचंही तिचं तसंच आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे ती रोज 'सहज' पाणी प्यायला थांबते. रोज सहज. आम्ही कोणी काही बोलत नाही, त्या काकूही दार उघडंच ठेवतात.

माणसाच्या आठ अवस्था सांगणारा एरिक एरिक्सन, तो आमच्या बीएच्या पुस्तकात होता, पाठ केलेला. मला आत्ता हिशेब करताना लक्षात आलं की त्याचा जन्म १९०२ चा आणि त्या आठ अवस्था त्याने मांडल्या १९५० मध्ये. म्हणजे म्हातारपणाची अवस्था त्याने लिहिली तेव्हा तो माझ्या वयाचा होता! नंतर दोघं नवरा-बायको नव्वदीला पोचली, आणि त्याच्या बायकोने, जोनने, त्याच्या मागे नववी अवस्था जोडली, कारण आत जाऊन बघितल्यावर ते आठवीत लिहिल्यासारखं नव्हतं, शरीर साथ सोडतं तेव्हा आधीचं सगळं परत उकलायला लागतं. हे आईला सांगितलं तर म्हणाली, "विचारायचं होतं की कोणाला तरी."

हल्ली ती लग्नाबिग्नांना जात नाही. हळदीकुंकवाची बोलावणी येतात, ती मला पाठवते. खाली बाकावर तिच्या तिघी मैत्रिणी आहेत, संध्याकाळी पाच ते साडेसहा, बस. मी काळजीत होते, एकटी पडत चाललीय का. लॉरा कार्स्टन्सन म्हणून एक संशोधक आहेत, त्यांचं म्हणणं असं की वय झालं की वर्तुळ लहान होतं ते बहुतेकदा माणूस स्वतःच लहान करतो, उरलेला वेळ कमी आहे हे जाणवलं की नव्या ओळखींपेक्षा जिवाभावाची माणसं हवी होतात. आणि हे वयाचं नसून वेळेचं आहे हे कसं तपासायचं? १९९७ मध्ये हाँगकाँग चीनकडे जाणार होतं, काहीतरी कायमचं संपणार असं सगळ्यांनाच वाटत होतं, त्याच्या आधी तिथल्या तरुणांना विचारलं तर त्यांची निवडही म्हाताऱ्यांसारखीच निघाली, ओळखीची माणसं. हस्तांतर होऊन गेल्यावर ते परत तरुणांसारखे झाले.

आमच्या बिल्डिंगमध्ये गेले तीन महिने तेच चाललंय. नोटीस लागली, भाड्याचे चेक कधी मिळणार यावर भांडणं झाली, आणि मग एकाएकी सगळे एकमेकांच्या घरी दिसायला लागले. मनू, जी एरवी लिफ्टवाल्या मित्रमैत्रिणींकडे पवईला पडीक असायची, ती हल्ली गच्चीवर पहिल्या मजल्यावरच्या पोरांबरोबर पत्ते खेळते, ज्यांच्याशी ती पाचवीनंतर बोलली नव्हती. कोणी भाड्याने ठाण्याला जाणार, कोणी कळव्याला, कोणी गावाला. फिटर काकांच्या सुनेने परवा त्यांची पकडींची पेटी आणून आमच्याकडे दिली, तुमच्या दादाला द्या म्हणाली, काका जाऊन आठ वर्षं झाली. ती पेटी आता टीव्हीखाली आहे, जड आहे खूप, अमेरिकेला कशी पाठवायची ते कळत नाही.

आणि बंड्या आधार सोडून चालायला लागला. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, मखराची थर्माकोलविरहित पुठ्ठ्याची कमान अजून तिथेच होती, ती धरून उभा होता, ती वाकली, आणि हा पडायच्या ऐवजी दोन पावलं पुढे गेला आणि मग पडला. तेव्हापासून दिवसभर तेच. मी मनूला सांगितलं की न्यूयॉर्कला कॅरेन अ‍ॅडॉल्फ यांनी मोजलंय, चालायला शिकणारं पोर मोकळं सोडलं तर तासाला सरासरी २,४०० च्या आसपास पावलं टाकतं आणि १७ वेळा पडतं. मनू म्हणाली फेक आहे. मग रविवारी दुपारी जर्नल घेऊन बसली जमिनीवर, फोनवर टायमर लावून. बंड्याने तिपाई धरली, सोडली, पडला. रेघ. दारापर्यंत गेला, पडला. रेघ. खोकी बांधून ठेवलीयत चहूकडे, त्यातल्या एकाला धडकला, बसला, बसणं धरायचं का यावर आमच्यात वाद. आई खुर्चीतून म्हणाली, "धर." काकूंकडचा कुकर वाजला तेव्हा १३ झाले होते. मी उठून त्याला घ्यायला गेले तर आईने हात आडवा घातला. चाळीस मिनिटं झाली, १४ वर तो पेटीवर डोकं टेकून झोपला, आणि मनू टायमर तसाच चालू ठेवून बसून राहिली.